न दिलेल्या बिलाचीही नोंद हवी : ठाणे आणि नवी मुंबईच्या नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे महानगरपालिका आणि नवी मुंबई महानगरपालिका यांचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी महापालिकेच्या लेखा विभागातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरी ठाणे जिल्ह्यातल्याच एका महापालिकेत झाली. तिचे नाव इथे घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते तिच्या एकटीचे दुखणे नव्हे. मी राहतो नौपाड्यात, मुलीचे घर कोपरखैरण्याला. आमच्या कुटुंबातून दोन्ही पालिकांना मालमत्ता कर जातो, म्हणून पत्र दोन्ही सभागृहांना लिहितो आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. सार्वजनिक शौचालयांच्या सफाईचे काम केलेल्या एका महिला बचत गटाच्या अध्यक्षबाई माझ्या टेबलापाशी आल्या. वय पन्नाशीच्या पुढचे. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात कार्यादेशाची झेरॉक्स, आरोग्य निरीक्षकाच्या सहीचे हजेरीपट आणि आवक शिक्का मारलेली बिलाची प्रत. काम संपून चौदा महिने झाले होते. गटातल्या बायकांचे पगार थांबू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. मला वाटले, पैसे कधी मिळणार असे विचारतील. त्या म्हणाल्या, "साहेब, तारीख नका सांगू. आमचं बिल तुमच्या वहीत चढलंय का, एवढंच बघून सांगा."

मी बघितले. खात्याच्या आवक नोंदवहीत बिल होते. कॅशबुकात नव्हते, खतावणीत नव्हते, ताळेबंदाच्या देण्यांमध्येही नव्हते. आमच्या वह्यांप्रमाणे पालिका त्या बाईंचे एका पैशाचेही देणे लागत नव्हती. आणि हे कधी? आमच्या पालिकेने द्विनोंद लेखा पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी करून येणे-देणेही वहीत धरणारी पद्धत, लागू झाल्याचे शासनाला कळवून तीन वर्षे झाली होती तेव्हा.

त्यांना "अजून नाही चढलं" एवढेच सांगू शकलो. हे का घडले आणि ते थांबवणे तुमच्या हातात कसे आहे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

तुमच्यातले अनेकजण व्यापारी घरातले असतील, त्यांना हे समजायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. जांभळी नाक्यावरचा किराणा व्यापारी किंवा वाशीच्या मसाला मार्केटमधला आडत्या उधारीवर माल घेतो, तेव्हा गल्ल्यातून एक रुपयाही बाहेर गेलेला नसतो. तरी त्याच दिवशी त्याच्या वहीत दोन नोंदी होतात: माल आला, आणि अमक्याचे देणे झाले. नावे आणि जमा. दिवाळीला वहीपूजन करताना त्याला आपले येणे किती आणि देणे किती हे कळलेले असते. कीर्द, खतावणी, जमा, नावे, येणे, देणे हे सगळे शब्द आपल्या बाजारपेठेतच रुजलेले आहेत. पालिकेची जुनी पद्धत मात्र निराळी होती. तिजोरीत पैसा आला की जमा, बाहेर गेला की खर्च. मधल्या काळात पालिकेने काय घेतले, कोणाचे किती राहिले, याची मुख्य वहीत जागाच नव्हती. काम झाले, अभियंत्याने मोजमाप पुस्तकात मोजले, बिल तयार झाले, तरी धनादेश निघेपर्यंत लेखा विभागाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसायचे.

या एका पोकळीत काय काय मावते, ते मी तीस वर्षे पाहिले. फेब्रुवारीत उत्पन्नाचा अंदाज फुगवून धरला जातो. त्या अंदाजाच्या भरवशावर कामांना मंजुरी मिळते. कामे होतात, उत्पन्न येत नाही, बिले साचतात. ३१ मार्चच्या रात्री लेखा विभागात दिवे जळत असतात, आणि अर्धी बिले "पुढच्या वर्षात घ्या" म्हणून बाजूच्या कपाटात जातात. त्या वर्षाचा हिशोब शिलकी दिसतो. एप्रिलपासून नव्या वर्षाचा पैसा जुन्या कामांना जाऊ लागतो, आणि पावसाळा सरेपर्यंत नव्या अंदाजपत्रकातल्या कामांना हात घालायला पैसाच उरत नाही. मग तुम्हीच सभागृहात विचारता, मंजूर झालेले माझ्या प्रभागातले गटार का होत नाही? ते गटार दोन वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी रस्त्याखाली गेलेले असते. याला आपल्याकडे "दायित्व" असा भारदस्त शब्द आहे. वर्तमानपत्रात त्याचा आकडा येतो, पण तो बहुतेक वेळा अधिकाऱ्याने खात्याखात्याला फोन करून जमवलेला असतो. वही उघडून सांगता येईल असा तो आकडा असायला हवा.

ही पोकळी बुजवायची म्हणूनच लेखा सुधारणा आली. पण ती कुठून आली आणि कोणाच्या रेट्याने आली, हे बघितल्याशिवाय ती अर्धवट का राहिली ते कळत नाही.

७४व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान मिळाले. काम आले, पैसाही वरून येऊ लागला, आणि पैसा देणाऱ्याने हिशोब मागायला सुरुवात केली. अकराव्या वित्त आयोगाने २००० साली स्थानिक संस्थांचे हिशोब कोणत्या नमुन्यात असावेत ते ठरवण्याचे काम कॅगकडे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांकडे, सोपवायला सांगितले. त्यातून २००४ साली राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका आली. ती तयार करताना अमेरिकेच्या यूएसएड या मदत संस्थेच्या प्रकल्पाचे तांत्रिक साह्य होते. ३ डिसेंबर २००५ला केंद्राचे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले आणि त्याने द्विनोंद, उपार्जन पद्धतीचे (पैसा येण्या-जाण्याची वाट न बघता येणे-देणे धरणारे) हिशोब ही अनुदानाची अटच करून टाकली. बृहन्मुंबई नागरी समूहाचा भाग म्हणून ठाणे आणि नवी मुंबईही त्या अभियानात होत्या. पाणी, भुयारी गटार, बस यांसाठी पैसा हवा तर हिशोब बदला, असा तो सरळ सौदा होता. आपल्या राज्यात नगरपरिषदांसाठी १९७१ची लेखा संहिता जाऊन २०१३ची आली. २०१५ला केंद्राची अमृत योजना आली, तिनेही तेच मागितले. मग पंधराव्या वित्त आयोगाने २०२१पासून आणखी कडक अट घातली: आधीच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशोब ऑनलाइन जाहीर केल्याशिवाय अनुदान नाही.

दुसरीकडे बाजाराचा रेटा होता. अहमदाबाद पालिकेने १९९८ साली राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे कर्जरोखे काढले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१५ला पालिकांच्या रोख्यांसाठी नियम केले, आणि २०१७ला पुण्याने पाणी योजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले. बाजारात जायचे तर पतमानांकन हवे, आणि ते हवे तर ताळेबंद हवा. तिसरीकडे चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था. तिने आंतरराष्ट्रीय सार्वजनिक लेखा मानकांच्या आधारे स्थानिक संस्थांसाठी मानके लिहिली. पालिकांच्या दारात आलेले सल्लागार त्याच शाळेत शिकून आले होते.

पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९८३ साली एक प्रश्न विचारला होता: वेगवेगळ्या संस्था कालांतराने एकसारख्या का दिसू लागतात? त्यांनी तीन कारणे सांगितली. वरून येणारी सक्ती, यशस्वी शेजाऱ्याचे अनुकरण, आणि एकाच व्यवसायात घडलेल्या माणसांचे समान संस्कार. निवृत्तीनंतर हे वाचनात आले तेव्हा मला माझी सगळी नोकरी त्यात दिसली. सक्ती म्हणजे अनुदानाची अट. अनुकरण म्हणजे "तमिळनाडूने २०००च्या सुमारासच केले, आपणही करू". संस्कार म्हणजे सीए मंडळींचे नमुने. या तिन्ही दोऱ्या पालिकेला बाहेरून ओढत होत्या. आतून हिशोब मागणारे कोणी नव्हते. नगरसेवकांनी मागितला नाही, आयुक्तांना तो निर्णयासाठी लागत नव्हता, आम्हा कर्मचाऱ्यांना तो नवा बोजा वाटला.

न्यूझीलंडने १९८९ला सार्वजनिक वित्त कायदा करून हीच सुधारणा केली, ती १९८४च्या आर्थिक संकटातून शिकून. तिथे आपले देणे किती ते कळणे ही सरकारसाठीच जगण्या-मरण्याची गोष्ट झाली होती. आपल्यासारख्या विकसनशील देशांमध्ये मात्र ही गोष्ट बहुतेकदा कर्ज देणाऱ्याच्या किंवा अनुदान देणाऱ्याच्या यादीतून येते. इंडोनेशियात २००३चा कायदा, २०१०चा नियम आणि २०१५ची मुदत, अशा तीन पायऱ्या झाल्या आणि ताळेबंद तयार होऊ लागले. पण ताळेबंद वाचून निर्णय घेण्याची सवय अशी मुदतीने लागत नाही. याबद्दल कोणा परक्याला दोष देण्यात मला रस नाही. बाहेरून आलेली गोष्ट वाईटच असते असेही नाही. आपली घटना आणि आपले कायदेही बाहेरचे बघूनच घडले. पण बाहेरच्या रेट्याने आलेल्या सुधारणेला घरात मागणारा मिळाला नाही, तर ती दारातच उभी राहते.

आमच्याकडे ती कशी आली ते डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

सुरुवातीचा ताळेबंद तयार करायचा होता. म्हणजे पालिकेच्या मालकीचे काय काय आहे आणि पालिका कोणाचे काय देणे लागते, याची पहिली यादी. प्रत्येक खात्याला छापील फॉर्म गेले: रस्ते, इमारती, जलवाहिन्या, उद्याने, वाहने. महिनाभराने बरेचसे कोरे परत आले. काहींवर "माहिती निरंक" असा शेरा होता. एका समाजमंदिराची नोंद दोनदा आली, एकदा बांधकाम खात्याकडून आणि एकदा मालमत्ता विभागाकडून, दोन वेगळ्या नावांनी आणि दोन वेगळ्या किमतींना. ते माझ्या लक्षात आले, कारण माझ्या भाचीचे लग्न त्याच हॉलमध्ये झाले होते. जे लक्षात आले नाही असे किती असेल? सल्लागारांकडून एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा. आम्ही वर्षभर जुन्या पद्धतीने कॅशबुक लिहायचो. वर्ष संपल्यावर तो मुलगा त्या कॅशबुकावरून सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी नोंदी करायचा. मेहनती होता, चूक त्याची नव्हती. ज्याचा मेळ लागायचा नाही ते उचंत खात्यात जायचे. उचंताचा आकडा दर वर्षी वाढत गेला. मुदत जवळ आली, ताळेबंद छापला, त्यावर माझीही सही आहे. तेव्हा मी वरिष्ठांना लेखी कळवायला हवे होते की हा ताळेबंद कॅशबुकाची दुसऱ्या कपड्यातली नक्कल आहे, यात न दिलेली बिले नाहीत. मी कळवले नाही. बाईंच्या प्रश्नाने ती सही मला आजवर टोचते आहे.

म्हणजे कागदावर द्विनोंद, प्रत्यक्षात रोख. अट पूर्ण, अनुदान जमा, आणि कामाची रीत जिथल्या तिथे.

यात माणसांचा प्रश्न फार मोठा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. मुख्य लेखा व वित्त अधिकारी बहुधा राज्याच्या वित्त व लेखा सेवेतून प्रतिनियुक्तीवर येतात. मी ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांतले बहुतेक कर्तबगार आणि सचोटीचे होते. पण त्यांचे सगळे शिक्षण कोषागारात झालेले, आणि राज्य शासनाचे हिशोब आजही रोख पद्धतीनेच चालतात. केंद्राचेही तसेच. बाराव्या वित्त आयोगाने उपार्जन पद्धतीची शिफारस केली, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. म्हणजे ज्या घरात ही पद्धत नाही तिथला अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी पालिकेत येतो, तिथे ती रुजवणे त्याच्याकडून अपेक्षिले जाते, आणि मग तो पुन्हा रोख पद्धतीच्या घरी परततो. त्याच्या हाताखाली असलेले लिपिक कला शाखेचे, अनुकंपेवर लागलेले, किंवा बाह्यस्रोतातून आलेले. पदे रिक्त. सल्लागार गेला की ज्ञानही गेले. ठाण्यातल्या, वाशीतल्या कॉलेजांमधून दर वर्षी मराठी घरांतली मुले-मुली बी.कॉम. होऊन बाहेर पडतात. त्यांच्यातून कायम लेखापालांची एक फळी का उभी राहू शकत नाही, हे मला नोकरीत असतानाही कळले नाही.

आता तुमच्याकडे वळतो. नवी मुंबईत मे २०२०पासून आणि ठाण्यात मार्च २०२२पासून प्रशासक होते. त्या सगळ्या काळात अंदाजपत्रक करणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच होता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने स्थायी समितीला जे स्थान दिले ते याचसाठी की खर्च करणारा आणि हिशोब विचारणारा वेगळा असावा. मुख्य लेखापरीक्षकाचा अहवाल स्थायी समितीकडे जातो, तो त्याच कारणाने. म्हणून म्हणतो, स्थायी समितीतल्या सोळा सदस्यांनी मनावर घेतले तर जे काम दिल्लीच्या अटींनी वीस वर्षांत झाले नाही ते होऊ शकते.

माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी: बिलाची नोंद धनादेशाच्या दिवशी होते, ती मोजमाप पुस्तकावर सही होईल त्या दिवशी व्हावी. अभियंत्याने काम मोजून मान्य केले, त्याच दिवशी लेखा प्रणालीत "देणे" म्हणून ते उभे राहिले पाहिजे, आवक क्रमांक आणि तारखेसह. पैसे नंतर द्या, तिजोरीप्रमाणे द्या, पण नोंद आज. यात तंत्रज्ञानाची अडचण नाही. अडचण अशी आहे की नोंद झाली की देणे दिसते, आणि देणे दिसले की नव्या कामाला मंजुरी देताना हात आखडतो. तुमचेही हात आखडतील, प्रभागातल्या कामांसाठी. हे मी लपवून ठेवत नाही. पण मंजूर होऊन न होणाऱ्या पाच कामांपेक्षा होणारी दोन कामे मतदाराला कळतात. आणि एक गोष्ट: नोंद झाली की रांग दिसते. कोणाचे बिल आधी आले, कोणाचे नंतर, हे उघड होते. आज मोठा ठेकेदार मुख्यालयात चकरा मारून आपले बिल पुढे काढू शकतो, बचत गटाच्या बाईला ते जमत नाही. वही पक्की असली की तिचा नंबर कोणाला पुसता येणार नाही.

दुसरे, अंदाजपत्रकाच्या चर्चेला बसाल तेव्हा आयुक्तांकडे गेल्या वर्षीचा ताळेबंद मागा. अंदाजपत्रकाचे पुस्तक जाडजूड असते, त्यात पुढच्या वर्षीची स्वप्ने असतात. ताळेबंद चार-पाच पानांचा असतो, त्यात खरी परिस्थिती असते. त्यात प्रथम तीन ओळी बघा. ठेकेदार आणि पुरवठादारांचे देणे. अनामत ठेवी, कारण तो पैसा पालिकेचा नसतोच, ठेकेदारांचा आणि नागरिकांचा असतो, आणि अडचणीत तोच खर्च होतो. आणि उचंत. उचंताचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर का वाढला, एवढाच प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत सोडू नका.

येणे बघताना जरा सावध राहा. उपार्जन पद्धतीत मालमत्ता कराचे बिल काढले की ते उत्पन्न धरले जाते, वसूल होवो न होवो. पाडलेल्या इमारती, कोर्टात अडकलेली प्रकरणे, दोनदा आकारणी झालेली घरे, सगळ्यांची थकबाकी "येणे" म्हणून दर वर्षी फुगत जाते आणि पालिका आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते. जुनी थकबाकी किती वर्षांची आहे ते बघून तिच्यासाठी तरतूद करा, असे नियमपुस्तिका सांगते. ती तरतूद किती केली ते विचारा. जकात गेली, नवी मुंबईचा उपकर गेला, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि जीएसटीच्या भरपाईचे अनुदान राज्याकडून येते, दर वर्षी आठ टक्के वाढीच्या सूत्राने. म्हणजे तुमच्या हातात खरेखुरे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टीचे. त्याच ओळीत फसगत असली तर बाकी सगळा हिशोब वाऱ्यावर.

मालमत्तेच्या यादीबद्दलही लिहायला हवे. नियमपुस्तिकेत अशी सोय आहे की जी जमीन पालिकेला फुकट मिळाली तिची नोंद नाममात्र एक रुपया किमतीने करता येते. हिशोबाच्या दृष्टीने ते चूक नाही. निदान ती जमीन यादीत येते. माझी भीती वेगळी आहे. एक रुपया लिहिलेल्या ओळीकडे पुन्हा कोणी बघत नाही. तिचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, ताबा कोणाकडे, कुंपण आहे का, हे त्या ओळीपुढे नसेल तर ती ओळ आणि ती जमीन दोन्ही हळूहळू पुसट होतात. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात तलावाकाठच्या इंचाइंचाची नोंद हवी. नवी मुंबईत सिडकोकडून हस्तांतरित झालेले भूखंड, उद्याने, मार्केट यांची नोंद आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ प्रभागवार घालायला हवा. हे काम लेखा विभाग एकटा करू शकत नाही. तुम्ही तुमच्या प्रभागाची यादी मागवा आणि एका रविवारी ती घेऊन फिरा. समाजमंदिर दोनदा आले असेल तर ते तुम्हालाच दिसेल.

नवी मुंबईला खालापूरचे मोरबे धरण आहे, स्वतःच्या मालकीचे. देशात असे भाग्य फार थोड्या पालिकांना लाभले आहे. ठाण्याला ते नाही. भातसा नदीतून, आणि स्टेम पाणी प्राधिकरण, एमआयडीसी व मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी घ्यावे लागते, त्यामुळे विकत घेतलेल्या पाण्याची न दिलेली बिले ठाण्याच्या ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दिसायला हवीत. नवी मुंबईकडे धरण आहे, जलवाहिन्या आहेत, मलप्रक्रिया केंद्रे आहेत, आणि त्या सगळ्यांवर दर वर्षी घसारा पडतो. घसारा म्हणजे नुसती पुस्तकी वजाबाकी आहे असे आमच्याकडचे लोक समजायचे. पण पंप कधी बदलावा लागेल, झडपा कधी जातील, वाहिनी कधी फुटायला लागेल, याचीच ती आगाऊ सूचना असते. अनुदानातून आलेल्या बसचेही तसेच. बस फुकट मिळाली म्हणून तिचे आयुष्य वाढत नाही. दर वर्षीच्या घसाऱ्याइतका पैसा बाजूला पडतो आहे का, हे सुस्थितीतल्या पालिकेनेच आधी विचारावे. ज्याच्याकडे आज शिल्लक आहे त्यालाच हे परवडते.

कोणी म्हणेल, नवी मुंबईची पत चांगली आहे, पतमानांकन उत्तम आहे, मग कशाला? पतमानांकन कर्ज देणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देते: माझा हप्ता बुडेल का? बाईच्या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. दोन्ही प्रश्न एकाच वहीला विचारता आले पाहिजेत.

आणि लेखापरीक्षण. मुख्य लेखापरीक्षक तपासतो, स्थानिक निधी लेखापरीक्षा तपासते, कॅगचेही मार्गदर्शन असते. आक्षेपांचे परिच्छेद वर्षानुवर्षे साचतात. अनुपालन म्हणजे "नोंद घेतली" असे एक वाक्य लिहून पाठवायचे, ही रीत मी स्वतः पाळली आहे, म्हणून ती मोडा असे सांगण्याचा मला हक्क आहे. स्थायी समितीच्या दर महिन्याच्या एका बैठकीत निदान दहा जुने परिच्छेद घ्या. संबंधित खात्याचा प्रमुख समोर बसवा. वर्षभरात एकशेवीस होतात.

सॉफ्टवेअर बदलण्याच्या प्रस्तावांबद्दल मात्र सावध करतो. नवी प्रणाली म्हणजे सुधारणा असे नाही. जुनी प्रणाली नीट चालवणारी चार माणसे कायम नेमलीत तर त्यातून जास्त निघेल.

त्या बाईंचे बिल पुढे सोळाव्या महिन्यात निघाले. धनादेश घ्यायला त्या दोन जणींसह आल्या होत्या. सही करताना त्यांनी पुन्हा विचारले, "आता तरी वहीत लिहिलं ना?" मी हो म्हणालो. त्या दिवशी खर्च पडला होता, म्हणून नोंद झाली होती.

तुमच्यापैकी कोणाला ताळेबंद वाचायला शिकायचे असेल तर मी मोकळा आहे. कोणताही पक्ष, कोणताही प्रभाग, मला फरक पडत नाही. शनिवारी सकाळी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात वाचायला जातो. गेल्या वर्षीच्या ताळेबंदाची प्रत आणि एक पेन्सिल घेऊन या. दोन तास पुरतील. नवी मुंबईतल्या सदस्यांना ठाण्याला येणे जमणार नसेल तर मी कोपरखैरण्याला येईन, तशीही नातवंडांसाठी माझी चक्कर असतेच.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखाधिकारी
नौपाडा, ठाणे